नोवो मेस्तोच्या तालमीतला न्यायाधीश

1936 सालच्या उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला गेले होते. ऑलिंपिकच्या निमित्ताने जगभरचे लोक तिथे जमले होते आणि वऱ्हाडातल्या या तरुणांनी त्यांच्यापुढे मल्लखांब, कबड्डी आणि आपले इतर देशी खेळ करून दाखवले. त्याच उन्हाळ्यात, त्याच शहरात, झाडांनी वेढलेल्या एका उघड्या रंगमंडपात युगोस्लाव्हियाचा सदतीस वर्षांचा एक न्यायाधीश रिंग्ज धरून वर चढत होता. त्याचे नाव लेओन श्टुकेल. ही त्याची तिसरी ऑलिंपिक स्पर्धा. आधीच्या दोन स्पर्धांतली तीन सुवर्णपदके त्याच्या घरी होती. बर्लिनमध्ये त्याला रौप्यपदक मिळाले आणि तिथेच त्याची स्पर्धात्मक कारकीर्द संपली.

अमरावतीचे पथक आणि हा स्लोव्हेन न्यायाधीश यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असे वाटणे साहजिक आहे. मल्लखांब म्हणजे आपली परंपरा आणि जिम्नॅस्टिक्स म्हणजे परदेशी खेळ, अशी वाटणी आपण फार पूर्वीच करून टाकली आहे. मला ती पटत नाही. डबलबार, सिंगलबार, रिंग्ज ही साधने युरोपात रुजली ती करमणुकीसाठी नव्हे. ज्यांचे राज्य गेले होते, किंवा ज्यांना स्वतःचे राज्य कधी नव्हतेच, अशा लोकांनी ती गावोगावी उभी केली. आपल्याकडची तालीम पारतंत्र्याच्या काळात ज्या कारणासाठी जपली गेली, तेच ते कारण. श्टुकेल यांची कारकीर्द पदकांच्या यादीतून कळत नाही. ती कळायला तालमीपासून सुरुवात करावी लागते.

1806 साली येना इथे नेपोलियनने प्रशियाचा पराभव केला. पाच वर्षांनी, 1811 मध्ये, फ्रिडरिश लुडविग यान नावाच्या शिक्षकाने बर्लिनबाहेरच्या हाझनहाइड या माळावर पोरे जमवली. लाकडी खांब रोवले, आडव्या दांड्या बसवल्या, घोड्याच्या आकाराचे ठोकळे मांडले. फ्रेंचांना हुसकावून लावायचे तर आधी शरीर घडले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. फ्रेंच गेले. मग प्रशियाच्या राजालाच या दांडग्या पोरांची भीती वाटू लागली. 1819 मध्ये यानला अटक झाली आणि पुढच्या वर्षापासून 1842 पर्यंत प्रशियात हा सार्वजनिक व्यायामच बंद राहिला. पुण्यामुंबईत तालमींवर गोऱ्या पोलिसांची नजर का असे, हे ज्याने वाचले आहे त्याला ही बंदी समजावून सांगावी लागत नाही.

यानचे रोप पुढे सीमा ओलांडून गेले आणि ज्यांच्यावर जर्मन भाषकांची सत्ता होती त्यांनीच ते आपल्या अंगणात लावले. 1862 च्या फेब्रुवारीत प्राग इथे मिरोस्लाव तिर्श आणि यिंद्रझिख फ्युग्नर यांनी व्यायाम मंडळ स्थापन केले. पुढे ते ‘सोकोल’ म्हणजे ससाणा या नावाने ओळखले जाऊ लागले. हे दोघेही जर्मन बोलणाऱ्या घरांत जन्मले होते. मोठेपणी दोघांनी चेक होणे पत्करले, नावेसुद्धा बदलून घेतली. तिर्श तत्त्वज्ञानाचा पदवीधर, कलेचा अभ्यासक. एकेका हालचालीसाठी त्याने चेक शब्द घडवले, कारण तोवर तालमीतली आज्ञासुद्धा जर्मनमधून दिली जाई. सोकोलमध्ये सगळे एकमेकांना ‘भाऊ’ म्हणत. कारखानदार असो की त्याचा कामगार, तालमीत दोघे भाऊच. आपल्याकडे तालमीच्या लाल मातीत शिरल्यावर जात विचारू नये असा जो संकेत होता (तो नेहमी पाळला गेला असे म्हणवत नाही), त्याची इथे आठवण होते.

पुढच्याच वर्षी, 1863 मध्ये, स्लोव्हेनांनी ल्युब्लियाना इथे ‘दक्षिणेचा सोकोल’ काढला. सरकारने तो काही वर्षांतच बंद पाडला, तेव्हा लोकांनी दुसऱ्या नावाने पुन्हा उभा केला. स्लोव्हेन हे काही लाखांचे लोक. हॅब्सबर्ग साम्राज्याच्या दक्षिण कडेला शेती, द्राक्षमळे आणि जंगले सांभाळून होते. त्यांच्या इतिहासात गादी नाही, सिंहासन नाही, मोठी लढाई नाही. भाषा होती, गाणी होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगावच्या व्यायामशाळा आल्या. क्रका नदीच्या वळणात वसलेल्या नोवो मेस्तो या छोट्या गावातही अशी एक होती. 12 नोव्हेंबर 1898 रोजी त्या गावात लेओन श्टुकेल यांचा जन्म झाला. लहानपणीच ते या तालमीत जाऊ लागले.

पहिल्या महायुद्धात व्हिएन्नाच्या सरकारने सोकोल शाखा बंद केल्या. युद्ध संपले तेव्हा साम्राज्यच उरले नव्हते. 1918 च्या डिसेंबरात सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचे संयुक्त राज्य, म्हणजे पुढचा युगोस्लाव्हिया, जन्माला आले आणि सोकोलच्या तालमी एका रात्रीत संशयितांच्या जागेवरून मानाच्या जागेवर आल्या. श्टुकेल तेव्हा वीस वर्षांचे होते. त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, आणि रोज तालमीत जाणे चालूच ठेवले.

1922 साली जागतिक स्पर्धा खुद्द ल्युब्लियाना इथे भरली. या नव्या देशाचे वय चार वर्षांचे होते. घरच्या लोकांसमोर श्टुकेल यांनी रिंग्ज, डबलबार आणि सिंगलबार या तीन साधनांवर सुवर्णपदके घेतली. सर्वसाधारण विजेतेपद मात्र त्यांचे नव्हे. ते त्यांचाच सहकारी पेतर शुमी आणि चेकोस्लोव्हाकियाचा एक खेळाडू यांच्यात विभागले गेले. हा तपशील महत्त्वाचा आहे. श्टुकेल हे उजाड माळावर एकटे उगवलेले झाड नव्हते. शुमी, योसिप प्रिमोझिच, स्टाने देर्गांत्स असे एकाहून एक सरस कसरतपटू एकाच पिढीत आणि इतक्या छोट्या प्रदेशातून आले. असे पीक एका गुणी मुलामुळे येत नाही. त्यामागे पन्नास वर्षांची मशागत असते.

आणि मग 1924 चे पॅरिस. त्या वेळचे जिम्नॅस्टिक्स आजच्या प्रेक्षकाला ओळखू येणार नाही. सर्वसाधारण विजेतेपदाच्या गणनेत दोरी चढण्याचीही स्पर्धा होती. सक्तीचे संच वेगळे, ऐच्छिक संच वेगळे, आणि एकच माणूस दिवसचे दिवस सगळ्या साधनांवर फिरत असे. पायाखाली स्प्रिंगची फरशी नाही, उडी चुकली तर झेलायला फोमचा खड्डा नाही. आज जी उडी पहिल्यांदा खड्ड्यात शेकडो वेळा मारून पाहिली जाते ती तेव्हा पहिल्या दिवसापासून कठीण जमिनीवरच मारावी लागे. म्हणून त्या काळच्या कसरतीत गिरक्या कमी आणि रोखून धरण्याचे बळ जास्त. रिंग्जवर हात आडवे पसरून शरीर क्रुसासारखे थांबवायचे आणि दोऱ्या हलू द्यायच्या नाहीत. मल्लखांबावर ज्याने शरीर स्थिर धरताना श्वास रोखला आहे त्याला हे थांबणे कसे असते ते ठाऊक असेल. हालचाल दिसते, तिला टाळी मिळते. थांबण्याला मात्र जाणकाराचाच डोळा लागतो.

पॅरिसमध्ये श्टुकेल यांना एकूण 110.340 गुण मिळाले. दुसऱ्या क्रमांकाच्या चेक खेळाडूला, रॉबर्ट प्राझाकला, 110.323. इतक्या दिवसांच्या, इतक्या साधनांवरच्या मेहनतीनंतर फरक 0.017 गुणांचा. शिवाय सिंगलबारवरचेही सुवर्णपदक त्यांनाच मिळाले. सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांच्या राज्याची ही पहिली ऑलिंपिक सुवर्णपदके. पहिले दोन्ही क्रमांक सोकोलच्या दोन शाखांमधले होते, हेही पाहण्यासारखे आहे. प्रागच्या मूळ झाडाला दक्षिणेकडच्या फांदीने मागे टाकले, तेही केसभर अंतराने.

चार वर्षांनी ॲमस्टरडॅममध्ये रिंग्जवर सुवर्ण, सर्वसाधारण स्पर्धेत कांस्य आणि संघाबरोबर कांस्य. मधल्या काळात, 1926 साली ल्यों इथल्या जागतिक स्पर्धेत, सिंगलबारवर पुन्हा सुवर्ण. दुसऱ्या महायुद्धापर्यंत युगोस्लाव्हियाला ऑलिंपिकमध्ये एकूण आठ पदके मिळाली. ती आठही जिम्नॅस्टिक्समधली, आणि त्यांतल्या सहांवर श्टुकेल यांचा हात होता. ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धा मिळून त्यांची पदके वीस. आठ सुवर्ण, सहा रौप्य, सहा कांस्य.

या आकड्यांच्या शेजारी एक नाव ठेवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आंतोन मालेय. 1930 साली लक्झेंबर्गच्या जागतिक स्पर्धेत हा युगोस्लाव्ह संघातला खेळाडू रिंग्जवरून पडला आणि दगावला. याच स्पर्धेत प्रिमोझिच जगज्जेता झाला. एकाच संघाने एकाच गावात विजेतेपद आणि शवपेटी दोन्ही पाहिली. त्या काळाबद्दल लिहिताना साधेपणाचे कौतुक करण्याचा मोह होतो. जुनी साधने, जुनी माणसे, निर्व्याज खेळ. मालेयचे मरण आठवले की तो मोह आवरतो. खाली पुरेशी गादी असती तर तो जगला असता का, हे कुणी सांगू शकणार नाही, पण गादीचा शोध माणसाच्या जिवासाठी लागला आहे हे विसरता कामा नये.

तालमीच्या बाहेरही त्याच काळात बरेच काही बिघडत होते. 1929 च्या जानेवारीत राजा अलेक्झांडरने संसद बरखास्त करून सत्ता आपल्या हाती घेतली. वर्ष संपता संपता त्याने सोकोलही ताब्यात घेतला आणि त्याला सरकारी संघटना करून टाकले. कॅथलिक मंडळींच्या ‘ओरेल’ म्हणजे गरुड या प्रतिस्पर्धी व्यायाम संघटनेला काम थांबवावे लागले. व्हिएन्नाने ज्या शाखा बंद केल्या होत्या त्यांच्या नावाने आता दुसऱ्यांच्या शाखा बंद पडल्या. तिकडे सुडेटन भागात, चेकोस्लोव्हाकियाच्या हद्दीत, आश गावचा कोनराड हेनलाइन नावाचा व्यायामशिक्षक जर्मन व्यायाम मंडळांचा पुढारी झाला होता. 1933 मध्ये त्याच मंडळांच्या जोरावर त्याने राजकीय पक्ष उभा केला. पाच वर्षांत त्या पक्षाने हिटलरसाठी देशाचे दार आतून उघडले. यान, तिर्श आणि हेनलाइन या तिघांच्या हातांत साधने एकच होती.

तालमीचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण हा भाग वगळतात. आपल्याकडेही वगळतात. दंड कमावलेले शरीर स्वतःहून कोणत्याही बाजूचे नसते. त्याला कोण हाक मारतो आणि कशासाठी, यावर सगळे ठरते. ज्या क्षणी तालमीची किल्ली गावाच्या हातून सत्तेच्या हातात जाते, त्या क्षणी तिचे काम बदलते. माझे हे मत युगोस्लाव्हियाच्या 1929 पुरते नाही. पुढे पूर्व युरोपात सरकारी क्रीडाशाळा निघाल्या. त्यांनी शेकडो पदके आणली, आणि त्यासाठी पाच-सहा वर्षांच्या पोरांना घरापासून तोडले. पदके खरी होती. तोडलेली घरेही खरी होती.

म्हणून श्टुकेल यांच्या कारकिर्दीकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. त्यांनी सगळे जिंकले ते नोकरी सांभाळून. नोवो मेस्तो, मग लेनार्ट, मग मारिबोर इथल्या न्यायालयांत ते न्यायाधीश होते. दिवसा शेताच्या बांधाचे आणि वारसाचे वाद ऐकणारा माणूस संध्याकाळी तालमीत रिंग्ज धरत असे. 1932 साली लॉस एंजेलिस इतके दूर आणि जगभर मंदी इतकी तीव्र, की युगोस्लाव्हियाने तिथे जिम्नॅस्ट पाठवलेच नाहीत. उमेदीची चार वर्षे अशी निघून गेली. तेहेतिसाव्या वर्षी ज्याची संधी हुकली असा कसरतपटू सहसा पुन्हा दिसत नाही. श्टुकेल सदतिसाव्या वर्षी बर्लिनला आले. रिंग्जवर चेकोस्लोव्हाकियाच्या आलोइस हुदेत्सने त्यांना मागे टाकले, जर्मनीचा माथियास फोल्त्स तिसरा आला. ज्या शहराबाहेर यानने पहिली दांडी रोवली होती, तिथे हिटलरच्या राजवटीत रिंग्जवरचे सुवर्ण आणि रौप्य दोन स्लाव्ह देशांकडे गेले. श्टुकेल यांनी त्यानंतर स्पर्धा सोडली. ते न्यायालयात परत गेले.

1941 च्या एप्रिलमध्ये जर्मनी आणि इटलीने युगोस्लाव्हियाचे तुकडे केले. मारिबोर जर्मनांकडे, नोवो मेस्तो इटालियनांकडे. युद्धानंतर कम्युनिस्टांची सत्ता आली. जुन्या राजवटीकडे कल असलेला हा न्यायाधीश तिला नको होता. काही काळ तुरुंगात घालून त्यांना सोडण्यात आले, पण न्यायाधीशपद परत मिळाले नाही. देशाला पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देणारा माणूस मारिबोरमध्ये कायद्याच्या कचेरीत साहाय्यक म्हणून काम करू लागला. पन्नाशीच्या आत-बाहेरचे ते वय. ज्या राज्याच्या नावाने त्यांची पदके नोंदली गेली होती ते राज्य उरले नव्हते, आणि नवे राज्य ती पदके मोठ्याने मिरवायला तयार नव्हते.

अशा वेळी माणूस कडवट होतो. श्टुकेल मारिबोरमध्येच राहिले, आणि व्यायाम करत राहिले. नव्वदी पार केल्यावरही हात टेकवून दोन्ही पाय आडवे उचलून धरणारा हा म्हातारा छायाचित्रांतून जगभर गेला. 1989 मध्ये त्यांचे आत्मचरित्रपर पुस्तक निघाले. शीर्षकाचा अर्थ एवढाच : माझ्या सात जागतिक स्पर्धा. दोन वर्षांनी स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला. ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य, राजाचा युगोस्लाव्हिया, परकी कब्जा, कम्युनिस्टांचा युगोस्लाव्हिया आणि आता स्वतःच्या भाषेचे राज्य. आपला मुलूख न सोडता पाच राजवटी त्यांनी पाहिल्या. पाचव्या राजवटीला मात्र त्यांची आठवण हवी होती, कारण नव्या देशाला आपला इतिहास दाखवायचा होता आणि त्या इतिहासाचा साक्षीदार जिवंत होता.

19 जुलै 1996 रोजी अटलांटा ऑलिंपिकच्या उद्घाटनाला जुन्या विजेत्यांना मैदानात बोलावले गेले. त्यांत सत्त्याण्णव वर्षांचे श्टुकेल होते, हयात असलेल्या ऑलिंपिक विजेत्यांत वयाने सर्वांत मोठे. आधाराला कुणी धरलेले नाही. नाव पुकारल्यावर ते झपझप पावले टाकत पुढे आले आणि अमेरिकेच्या अध्यक्षांशी हस्तांदोलन करून उभे राहिले. हजारो लोक उठून टाळ्या वाजवत होते. त्यांतल्या फार थोड्यांना नोवो मेस्तो नकाशावर दाखवता आले असते.

श्टुकेल यांच्यानंतर त्या भूमीतून असा खेळाडू यायला अठ्ठावीस वर्षे गेली. 1964 साली टोकियोत आणि 1968 साली मेक्सिकोत मिरोस्लाव त्सेरार यांनी पॉमेल हॉर्सवर सुवर्ण जिंकले. तेही स्लोव्हेन, तेही कायदा शिकलेले, आणि पुढे वकिली करणारे. त्यांचा मुलगा 2014 मध्ये स्लोव्हेनियाचा पंतप्रधान झाला. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण मी देत नाही. अभ्यास आणि कसरत यांतले एक निवड, असे त्या तालमींनी मुलांना सांगितले नाही. आपण सांगतो. दहावीचे वर्ष आले की मल्लखांब सोडवतो, आणि मग आपल्याकडे जगज्जेता का होत नाही असे विचारतो.

मल्लखांब हे आपले. बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्याला रूप दिले आणि पेशवाई बुडाल्यावर तालमींनी तो जपला. ही मशागत स्लोव्हेनांच्या मशागतीपेक्षा जुनी आहे. आजही अमरावतीपासून दादरच्या शिवाजी पार्कपर्यंत मुले-मुली खांबाला भिडतात. मात्र शहरांत मोकळी जागा म्हणजे सोने झाले आहे आणि तालमीची जागा विकासाच्या नकाशात सर्वांत आधी पुसली जाते. नगरसेवकांना, संस्थांच्या विश्वस्तांना, सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे : ती जागा देऊ नका. कोणत्याही पक्षाच्या फलकाखालीही देऊ नका. संध्याकाळी सहाला दार उघडणारा वस्ताद आणि त्याच्या हातातली किल्ली, एवढे टिकवा. त्यातून पदक आले तर आनंदच आहे. न आले तरी नव्वदीत हात टेकवून पाय उचलणारा एखादा म्हातारा निघेल.

लेओन श्टुकेल 8 नोव्हेंबर 1999 रोजी मारिबोरमध्ये वारले. एकशे एकावा वाढदिवस चार दिवसांवर होता. सहा वर्षांनी, 2005 मध्ये, मेलबर्नच्या जागतिक स्पर्धेत डबलबारचे सुवर्ण मित्या पेत्कोवशेक याने आणि सिंगलबारचे सुवर्ण अल्याझ पेगान याने जिंकले. दोघेही स्लोव्हेनियाचे होते. त्या देशाची लोकसंख्या सुमारे वीस लाख आहे.